जीपचे स्टिअरिंग हलके कसे झाले

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

आज बहुतेक कोणतीही नवी मोटार घ्या. गाडी जागेवर उभी असताना एका हाताने, मनात आणले तर दोन बोटांनी, तिचे स्टिअरिंग फिरवता येते. ही सोय आता इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यामागे काही इतिहास असेल असे कोणाच्या मनातही येत नाही. पण ज्यांनी १९७०-८०च्या दशकांत जीप चालवली आहे, त्यांना विचारा. उभ्या जीपचे स्टिअरिंग फिरवणे म्हणजे विहिरीवरचा गच्च बसलेला रहाट ओढण्यासारखे होते. आधी गाडी थोडी हलवायची, मग वळवायची, ही त्या काळच्या ड्रायव्हरची पहिली शिकवण.

मी तीस वर्षे एका जिल्ह्याच्या गावी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटार मेकॅनिकचा व्यवसाय शिकवला. इंजिन शिकायला मुले उत्सुक असत. स्टिअरिंगचा पाठ मात्र त्यांना रटाळ वाटे. म्हणून मी तो गोष्टीसारखा सांगू लागलो. तीच गोष्ट आज तुम्हाला सांगतो. तीत एक राक्षसी जहाज आहे, पंचवीस वर्षे वाट पाहणारा एक इंजिनिअर आहे आणि आपली ओळखीची जीप आहे.

सुरुवात बैलगाडीपासून करू. आपल्या बैलगाडीला स्टिअरिंग नसते, कारण तिला त्याची गरज नसते. चाके दोनच. गाडीवानाने कासरा ओढला की बैल वळतात आणि गाडी त्यांच्यामागे वळते. चार चाकांची घोडागाडी आली तेव्हा अडचण सुरू झाली. पुढचा सगळा आस मधल्या खिळ्यावर फिरवावा लागे. आस जास्त वळला की गाडी कलंडायची भीती. १८१६च्या सुमारास म्युनिकच्या गेओर्ग लांकेन्श्पेर्गर या गाड्या बांधणाऱ्या कारागिराने वेगळी युक्ती काढली. आस जागेवरच राहू द्यायचा आणि त्याच्या दोन्ही टोकांना प्रत्येक चाक आपापल्या उभ्या खिळ्यावर फिरवायचे. आतले चाक थोडे जास्त वळायचे, बाहेरचे थोडे कमी. १८१८ मध्ये लंडनमध्ये या युक्तीचे पेटंट त्याचा प्रतिनिधी रुडॉल्फ आकरमान याने घेतले. नाव आकरमानचेच राहिले आणि जगभरचे मेकॅनिक आजही ही रचना त्याच्याच नावाने शिकतात. कारागीर मागे पडतो आणि कागद नावावर असलेला पुढे येतो, हे या गोष्टीत आपल्याला पुन्हा एकदा भेटणार आहे.

मोटारी आल्या तेव्हा त्या होडीच्या सुकाण्यासारख्या दांड्याने वळवत. १८९४ च्या पॅरिस ते रूआँ या शर्यतीत आल्फ्रेद वाशरोँ याने आपल्या पानार मोटारीला दांड्याऐवजी गोल चाक लावले. पुढच्या पाच-सात वर्षांत ते सगळीकडे रूढ झाले. गोल चाकामुळे दोन गोष्टी साधल्या. दोन्ही हातांची ताकद लागू लागली आणि चाक व टायर यांच्यामध्ये दातेरी पेटी बसवता आली. स्टिअरिंगचे पंधरा-वीस अंश फिरले की टायर एक अंश वळायचा, असे गणित. त्यामुळे हाताला भार कमी लागतो, पण फेरे वाढतात. म्हणजे कर्ज तेवढेच, फक्त हप्ते लहान. कर्ज माफ होत नाही.

हे कर्ज येते कुठून? गाडी उभी असताना टायरचा तळवा जमिनीला चिकटून बसलेला असतो. स्टिअरिंग फिरवताना तो तळवा जमिनीवर घासत फिरवावा लागतो. पुढच्या आसावर वजन जितके जास्त, टायर जितका रुंद आणि त्यात हवा जितकी कमी, तितके घर्षण जास्त. गाडी चालू लागली की टायर घरंगळत वळतो आणि स्टिअरिंग हलके होते. आता डोंगरातल्या, ओढ्यातल्या, चिखलातल्या गाडीचा विचार करा. ती चालते पायी चालणाऱ्या माणसाच्या वेगाने. पकड वाढावी म्हणून टायर रुंद आणि खोल नक्षीचे असतात, त्यातली हवा मुद्दाम कमी केलेली असते. पुढच्या चाकांनाही इंजिनची ताकद दिलेली असते. स्टिअरिंग जड होण्याची जेवढी कारणे आहेत, तेवढी सगळी इथे एकत्र येतात.

त्यात आणखी एक धोका असतो. हात टायरला वळवतो, तसा टायरही हाताला वळवतो. पुढचे चाक दगडावर आपटले किंवा चाकोरीच्या कडेला लागले की तो हिसका दांड्यांमधून उलटा वर येतो आणि स्टिअरिंग गर्रकन फिरते. त्या वेळी अंगठा आऱ्यांच्या आत असेल तर तो मोडतो. म्हणून जुने जीप ड्रायव्हर नव्याला पहिल्याच दिवशी सांगत, ‘अंगठा बाहेर ठेव, रिंगवर ठेव.’ आमच्या संस्थेत गाडी शिकवायला येणारे एक निवृत्त ड्रायव्हर होते. त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा सांध्यापाशी कायमचा वाकडा झालेला होता. त्यांनी तो वर्गात नुसता वर करून दाखवला की पुढचे व्याख्यान देण्याची मला गरज उरत नसे.

म्हणजे प्रश्न होता दुसऱ्या कोणाची तरी ताकद उसनी घेण्याचा. ताकद कोणाची घ्यायची हे १७९५ मध्येच कळले होते. त्या वर्षी इंग्लंडच्या जोसेफ ब्रामाने पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या प्रेसचे पेटंट घेतले. बंद भांड्यातल्या द्रवावर दाब दिला की तो सगळीकडे सारखा पोचतो, हे पास्कालने आधीच सांगून ठेवले होते. लहान पिस्टनवर थोडे बळ लावा, मोठ्या पिस्टनवर पुष्कळ मिळते. ब्रामाची अडचण होती गळतीची. दाब वाढला की पिस्टनच्या कडेने पाणी उडायचे. त्याच्याकडे काम करणाऱ्या हेन्री मॉड्सले या तरुण कारागिराने वाटीच्या आकाराचे चामडे बसवले. दाब वाढला की ते चामडे स्वतःच पिस्टनला जास्त घट्ट बसते. आज स्टिअरिंगच्या पेटीत आपण जे रबरी सील बसवतो, ते त्या चामड्याच्या वाटीचेच वंशज.

पण नुसती ताकद मिळून भागत नाही. ताकदीला थांबायचे कधी हे कळले पाहिजे. हा धडा शिकवला ‘ग्रेट ईस्टर्न’ या जहाजाने. इझम्बार्ड किंग्डम ब्रुनेलने बांधलेले हे लोखंडी जहाज १८५८ मध्ये पाण्यात उतरले. लांबी ६९२ फूट. एवढ्या जहाजाचे सुकाणू वादळात माणसांच्या बळावर धरणे हे भलतेच कठीण काम. १८६०च्या दशकात जॉन मॅकफार्लेन ग्रे याने त्यावर वाफेचे सुकाणू-यंत्र बसवले. त्याची खुबी अशी होती, की सुकाणूवाला लहान चाक फिरवतो, वाफेचा व्हॉल्व्ह उघडतो आणि इंजिन सुकाणू ढकलू लागते. सुकाणू हवे तेवढे वळले की त्याच्याच हालचालीने तो व्हॉल्व्ह परत बंद होतो. माणसाने सांगितले तेवढेच काम, त्याहून एक तसूभर जास्त नाही. फ्रान्समध्ये याच सुमारास जोसेफ फार्को याच कल्पनेवर काम करत होता. त्याने १८७३ मध्ये पुस्तक लिहिले आणि अशा यंत्राला ‘सर्वो-मोटर’, म्हणजे सेवक-यंत्र, हे नाव दिले. हेच ‘ग्रेट ईस्टर्न’ १८७० मध्ये समुद्रातली तार घेऊन मुंबईला आले होते आणि मुंबईहून एडनपर्यंतची तार त्यानेच टाकली. बंदरावर जाऊन ते अजस्र धूड पाहणाऱ्या मुंबईकरांना कल्पनाही नसेल की पुढे शंभर वर्षांनी आपल्या मोटारीत जे येणार आहे, त्याचा पूर्वज त्या जहाजाच्या पोटात आहे.

जहाजाला बॉयलर असतो, जागा असते, खलाशी असतात. मोटारीत यातले काहीच नसते. तरीही प्रयत्न लवकर सुरू झाले. अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या रॉबर्ट ट्वायफर्डने ३ एप्रिल १९०० रोजी चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीचे पेटंट मिळवले आणि त्याच पेटंटात इंजिनच्या ताकदीने स्टिअरिंग वळवण्याची यंत्रणाही होती. गंमत पाहा, चार चाकांची ताकद आणि स्टिअरिंगची मदत या दोन कल्पना पहिल्यापासून जोडीने आल्या. ट्वायफर्डला कळले होते की पुढच्या चाकांना ताकद दिली की हातावरचा भार वाढणार. पण त्याची यंत्रणा दातेरी चाकांची होती. तेलाची नव्हती आणि ती रुजलीही नाही.

आता येतो आपल्या गोष्टीचा नायक, फ्रान्सिस डेव्हिस. हार्वर्डमध्ये इंजिनिअरिंग शिकून १९१० मध्ये बाहेर पडलेला हा तरुण पिअर्स-अ‍ॅरो या कंपनीत ट्रक विभागाचा मुख्य इंजिनिअर झाला. ट्रक ड्रायव्हर स्टिअरिंगशी कुस्ती कशी खेळतात हे तो रोज पाहत होता. १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने चांगली नोकरी सोडली, मॅसॅच्युसेट्समधल्या वॉल्थॅम गावी लहानसे वर्कशॉप भाड्याने घेतले आणि जॉर्ज जेसप नावाचा एक कुशल कारागीर सोबतीला घेतला.

त्याच्यापुढची अडचण ब्रामाचीच होती, गळतीची. त्या वेळच्या हायड्रॉलिक यंत्रांत तेल कायम दाबाखाली कोंडून ठेवत आणि गरज पडली की व्हॉल्व्ह उघडत. खाचखळग्यांतून धावणाऱ्या मोटारीत असा कायमचा दाब ठेवला तर सील टिकणार कसे? डेव्हिसने विचार उलटा केला. तेल कोंडायचेच नाही. पंप चालू आहे तोवर तेल मोकळेपणाने फिरत राहू द्यायचे, टाकीतून पंपात, पंपातून व्हॉल्व्हमध्ये, तिथून परत टाकीत. ड्रायव्हरने स्टिअरिंग फिरवले की व्हॉल्व्ह किंचित सरकतो आणि एका बाजूची वाट अरुंद करतो. तेवढ्यापुरता दाब तयार होतो आणि पिस्टनला ढकलतो. टायर वळला की व्हॉल्व्ह मधोमध येतो आणि तेल पुन्हा मोकळे वाहू लागते. शेतकरी पाटाचे पाणी दारे धरून वळवतो ना, तसे. पाटाचे पाणी वाहतच असते. बांध घालायचा तो हवा तेव्हा आणि हवा तेवढाच.

आपल्या पिअर्स-अ‍ॅरो मोटारीत हे यंत्र बसवून डेव्हिस ती चालवत १९२६ मध्ये डेट्रॉइटला गेला. जनरल मोटर्सच्या अधिकाऱ्यांना त्याने ती चालवायला दिली. ते खूश झाले, करार झाला, कॅडिलॅक मोटारीत ते यंत्र बसवायचे ठरले. आणि मग महामंदी आली. खर्च परवडेना. १९३४ मध्ये करार संपुष्टात आला. दोन वर्षांनी डेव्हिसने बेंडिक्स कंपनीशी करार केला. काही मोटारींवर प्रयोग झाले, आता काम सुरू होणार तोच दुसरे महायुद्ध आले आणि नव्या खासगी मोटारींचे उत्पादनच थांबले.

युद्धाने एक दार बंद केले आणि दुसरे उघडले. ब्रिटिश सैन्यासाठी शेव्हर्लेने बांधलेल्या जड चिलखती गाड्यांना हे यंत्र बसवण्यात आले. युद्ध संपेपर्यंत डेव्हिसचे यंत्र दहा हजारांहून अधिक गाड्यांत गेले होते. मंदीत जे ऐषारामाचे ठरले, तेच रणांगणावर गरजेचे ठरले. कारण सोपे होते. चिलखताचे वजन वाढवता येते, माणसाच्या दंडाची ताकद वाढवता येत नाही.

१९५१ मध्ये क्रायस्लर कंपनीने आपल्या इम्पीरियल मोटारीत ‘हायड्रागाइड’ नावाचे पॉवर स्टिअरिंग विक्रीला आणले आणि सगळीकडे त्याचा बोलबाला झाला. त्याचा पाया डेव्हिसच्याच पेटंटांवर होता, पण त्या पेटंटांची मुदत तोपर्यंत संपलेली होती. त्यामुळे क्रायस्लरला त्याला एक पैसाही देणे लागत नव्हते. कायद्याने यात काही गैर नव्हते. पंचवीस वर्षे ज्याने वाट पाहिली, त्याच्या दारावरून वरात दुसऱ्याच्या घरी गेली, इतकेच. मात्र शेवट अगदीच कडू झाला नाही. क्रायस्लरची मोटार पाहून जनरल मोटर्स पुन्हा डेव्हिसकडे आली, १९५२ मध्ये कॅडिलॅकमध्ये पॉवर स्टिअरिंग आले आणि काही वर्षांतच लाखो मोटारींत ते दिसू लागले. डेव्हिस १९७८ पर्यंत जगला. आपली कल्पना घरोघरी पोचलेली त्याने पाहिली.

मग जीपचे काय झाले? ज्या गाडीला या मदतीची सर्वांत जास्त गरज, तिलाच ती मिळाली नाही. याचे कारण जीपच्या जन्मपत्रिकेत आहे. १९४० च्या जुलैमध्ये अमेरिकन सैन्याने जी अट घातली तीत गाडीचे वजन १३०० पौंड, म्हणजे जेमतेम ५९० किलो असावे असे होते. ही अट कोणालाच पाळता आली नाही. बॅंटम कंपनीसाठी कार्ल प्रॉब्स्टने आखलेली पहिली गाडी सप्टेंबरमध्ये तयार झाली, पुढे विलिस आणि फोर्ड उतरले आणि अखेर मर्यादा २१६० पौंडांवर आली. पौंडापौंडाची काटाकाट चाललेली असताना पंप, टाकी आणि नळ्या कोण बसवणार? गाडी हलकी, टायर अरुंद, चालवणारे विशीतले सैनिक. त्यांचे भागले. अशा सहा लाखांहून अधिक जीपा युद्धकाळात तयार झाल्या आणि त्यातली एकही पॉवर स्टिअरिंगची नव्हती.

युद्धानंतर जीप भारतात आली ती महिंद्रांच्या मार्फत. १९४०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला विलिस जीपची जुळणी सुरू झाली. अमेरिकेत ‘सीजे-थ्रीबी’ हे मॉडेल १९६८ मध्ये बंद झाले, आपल्याकडे त्याचे वंशज त्यानंतर कितीतरी वर्षे निघत राहिले. पेट्रोल परवडेना तेव्हा तिच्यात डिझेल इंजिन आले. डिझेल इंजिन जड आणि ते बसते नेमके पुढच्या आसावर. वजन वाढले, स्टिअरिंगची पेटी मात्र जवळजवळ तीच राहिली. महाराष्ट्रात या जीपांनी काय केले नाही? पाटबंधारे, जंगल खाते, पोलीस, आरोग्य केंद्र, पंचायत समिती, सगळीकडे जीप. खेडोपाडी वडाप वाहतूक तिच्यावर चालली. पुढे दोघे, मागे दहा आणि टपावर पोती, अशी भरलेली जीप घाटात वळवणारे ड्रायव्हर संध्याकाळी खांदे चोळत बसलेले मी पाहिले आहेत.

आणि यात एक गोष्ट आपल्या लक्षात येत नाही. जड स्टिअरिंग ही एक न लिहिलेली अट होती. अमुक एवढा दंड असेल त्यानेच इथे बसावे, असे ती सांगत होती. आमच्या संस्थेत १९९०च्या दशकात एक मुलगी मोटार मेकॅनिकच्या वर्गात आली. हात कसबी, कान तर इतका तयार की टॅपेटचा आवाज ऐकून किती फट आहे ते सांगे. पण उभी डिझेल जीप शेडमधून वळवून काढायची वेळ आली की मुले बाजूला उभी राहून हसत. तिच्या कसबात काही कमी नव्हते. कमी होते ते गाडीत. पुढे संस्थेत पॉवर स्टिअरिंगची गाडी आली, तेव्हा तीच शेड, तेच वळण, आणि हसण्यासारखे काही उरले नाही.

अमेरिकेत जीपला ही मदत मिळाली ती १९७२ मध्ये. तोवर जीपची मालकी अमेरिकन मोटर्सकडे गेली होती. त्यांनी ‘सीजे-फाइव्ह’मध्ये सहा सिलिंडरचे लांब इंजिन बसवले, त्यासाठी पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर ८१ इंचांवरून ८४ इंच केले, जुनी रॉस पेटी काढून सॅगिनॉ कंपनीची फिरत्या गोळ्यांची पेटी बसवली आणि जादा पैसे देणाऱ्याला पॉवर स्टिअरिंगही देऊ केले. मग जुन्या जीपांचे मालक सॅगिनॉच्या पेट्या मोडीतून आणून आपापल्या गाडीला बसवू लागले. आपल्याकडे हेच पुढे झाले. टाटांची सफारी १९९८ मध्ये आली, महिंद्रांची स्कॉर्पिओ २००२ मध्ये आली, दोन्हींत पॉवर स्टिअरिंग. अशा गाड्या मोडीत निघू लागल्या तशा त्यांच्या पेट्या आणि पंप कुर्ल्याच्या बाजारात मिळू लागले आणि जुन्या जीपांवर चढू लागले.

पण हौसेला मोल नसते. टायर मोठे होत गेले, पस्तीस इंच, सदतीस इंच, चाळीस इंच. दगडांवरून गाड्या चढवण्याचे खेळ निघाले. आपल्या गोव्यात २०१४ पासून ऐन पावसाळ्यात ‘रेनफॉरेस्ट चॅलेंज’ ही स्पर्धा भरू लागली, तिचा जन्म मलेशियातला. एवढ्या टायरपुढे पॉवर स्टिअरिंगची पेटीही हात टेकते. दोन दगडांच्या फटीत टायर अडकला की पेटी कण्हते, पण टायर हलत नाही. तेव्हा जी युक्ती निघाली तिलाच हायड्रॉलिक असिस्ट म्हणतात. ती समजायला अवघड नाही.

पेटीच्या आत एक पिस्टन असतो आणि त्याच्या दोन बाजूंना तेलाचा दाब आळीपाळीने येतो. पेटीला दोन भोके पाडून, आटे पाडून, तेच दाबाचे तेल दोन नळ्यांनी बाहेर काढायचे आणि पुढच्या आसावर बसवलेल्या लांबट सिलिंडरला द्यायचे. आपल्याकडे ट्रॅक्टर-ट्रॉलीवाले ज्याला सरळ ‘जॅक’ म्हणतात तोच हा. त्याचे एक टोक आसाला, दुसरे टाय रॉडला. आता डावीकडे वळताना पेटीही ढकलते आणि जॅकही ढकलतो. हिशेब करून पाहा. जॅकचा पिस्टन चार सेंटिमीटर व्यासाचा धरला तर क्षेत्रफळ साडेबारा चौरस सेंटिमीटर. दोन सेंटिमीटर जाडीच्या दांड्याची जागा वजा केली तर उरते साडेनऊच्या आत-बाहेर. तेलाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला ७० किलो असेल तर बळ होते साडेसहा क्विंटलच्या आसपास. एवढे बळ थेट टाय रॉडवर, मधल्या दांड्यांना ताण न देता. आणि दगडाचा हिसका आला की तो आधी जॅकमधल्या तेलाशी झुंजतो. हातापर्यंत पोचेस्तोवर त्याचा जोर बराच ओसरतो. अंगठे शाबूत राहतात.

जॅकही दोन तऱ्हेचे. दांडा एकाच बाजूने बाहेर येत असेल तर दोन्हीकडची क्षेत्रफळे सारखी नसतात, त्यामुळे एका बाजूला वळताना बळ जास्त आणि दुसरीकडे वेग जास्त. दांडा दोन्ही बाजूंनी बाहेर येत असेल तर दोन्हीकडे सारखेच. पंपाचाही विचार करावा लागतो. पंप इंजिनवर फिरतो. डोंगरात इंजिन अगदी मंद चालत असते, म्हणजे तेलाची गरज सर्वांत जास्त तेव्हाच पंप सर्वांत हळू. म्हणून मोठा पंप, मोठी टाकी आणि तेल थंड करायला छोटा रेडिएटर लागतो. स्टिअरिंग पूर्ण वळवून तसेच धरून ठेवले की पंप किंचाळतो. ती तक्रार ऐकायची. तेल तापते आणि सील जातात. मॉड्सलेच्या चामड्यापासून आजपर्यंत या यंत्राचे मर्मस्थान बदललेले नाही.

याच्याही पुढची पायरी म्हणजे पेटीच काढून टाकायची. मिनेसोटाच्या लिन चार्ल्सन याने विसाव्या शतकाच्या मध्यावर असा एक आटोपशीर हायड्रॉलिक घटक तयार केला, की स्टिअरिंग फिरवले की मोजून तेवढेच तेल जॅकला जाते. मध्ये दांडा नाही, पेटी नाही, फक्त नळ्या. आज कितीतरी ट्रॅक्टर, मळणी-कापणी यंत्रे आणि गोदामातले फोर्कलिफ्ट याच पद्धतीने वळतात. चिखलणी करणाऱ्याला ती वरदान आहे. पण रस्त्यावर ऐंशीच्या वेगाने जाणाऱ्या गाडीत नळी फुटली तर हात आणि टायर यांच्यात काहीच नाते उरत नाही. असिस्टचे मोठेपण इथेच आहे. तेल गेले, पंप बंद पडला, तरी दांडा आहे. स्टिअरिंग जड होईल, पण तुटणार नाही. डेव्हिसनेही मूळ दांडा काढला नव्हता.

तरुणांना म्हणून मी नेहमी सांगतो. ताकद वाढवली की ती कुठे तरी उतरणार. पेटी ज्या चॅसीच्या पट्टीवर बोल्टने बसवलेली असते, ती पट्टी मूळच्या माणसाच्या बळाला पुरेल अशी केलेली असते. आता तिच्यावर क्विंटलांचे बळ येते आणि बोल्टच्या भोकांपासून तडे जाऊ लागतात. तिथे आधी मजबुती, मग जॅक. वेल्डिंग कोणी केले हे विचारा. जॅक टोकाला पोचण्याआधी लॉकचे स्टॉपर लागले पाहिजेत. आणि रस्त्यावरची गाडी असेल तर आधी आर.टी.ओ.मध्ये विचारा. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे बदल करता येत नाहीत आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते ठामपणे सांगितले आहे. नियमांत स्टिअरिंगचा मोकळा खेळ ३० अंशांपेक्षा जास्त नको असेही आहे. या अटी जाचक वाटतात. पण रस्त्यावर समोरून येणाऱ्या माणसाने तुमच्या वेल्डरवर विश्वास ठेवलेला नसतो.

आता तेलाचे दिवसही भरत आले आहेत. १९८८ मध्ये जपानच्या सुझुकीने सर्वो या लहान मोटारीत विजेच्या मोटरने मदत करणारे स्टिअरिंग आणले, त्यात तेलही नाही आणि गळतीही नाही. आपल्याकडे २०२० च्या थारमध्ये तेलाचे स्टिअरिंग होते, २०२४ च्या थार रॉक्समध्ये ते विजेचे झाले. जुने ड्रायव्हर कुरकुरतात की हलक्या स्टिअरिंगमधून रस्ता हाताला कळत नाही. त्यात तथ्य आहे. निसरड्यावर पुढची चाके पकड सोडू लागली की जड स्टिअरिंग एकदम हलके होई आणि हाताला इशारा मिळे. डेव्हिसला हे ठाऊक होते. म्हणून त्याने व्हॉल्व्हला स्प्रिंगा बसवून थोडा विरोध मुद्दाम शिल्लक ठेवला.

मदत किती घ्यावी आणि रस्त्याची जाण किती ठेवावी, हा हिशेब प्रत्येक पिढीतला इंजिनिअर नव्याने मांडतो. पण ‘ग्रेट ईस्टर्न’पासूनचा नियम बदललेला नाही. यंत्राने ताकद द्यावी, दिशा माणसाने द्यावी, आणि माणूस थांबला की यंत्राने थांबावे. जीपच्या बाबतीत हा नियम लागू व्हायला फार उशीर झाला. तेवढ्या वर्षांत किती खांदे गेले, किती अंगठे गेले आणि किती कसबी हात त्या स्टिअरिंगपर्यंत पोचलेच नाहीत, याची नोंद कुठल्याही कागदावर नाही.